घरातलं काही बोलले

१७ एप्रिल

आज बाबा बोलले. जपानीत.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून नुसती घरघर येत होती. सकाळी नर्सने कुशीवर वळवलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले, आईकडे बघितलं आणि स्पष्ट म्हणाले, "मिझु."

"काय गं म्हणाले?" आईने विचारलं.

"पाणी मागतायत."

आईने घाईघाईने बाटली उघडली, तर नर्सने तिचा हात धरला. गिळणं अजून जमत नाही. पाणी छातीत उतरेल. जे काही द्यायचं ते नाकातल्या नळीतून. मग आईने कापसाचा बोळा ओला करून त्यांच्या ओठांवरून फिरवला. तेवढ्याने ते शांत झाले.

डॉक्टर भसीनना सांगितलं तर त्यांना थट्टा वाटली. "जापानी? मदर टंग क्या है इनकी?" मी म्हटलं, मराठी. पण जन्मभर दिल्लीत जपानी शिकवलं आहे. मग ते गंभीर झाले. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की क्वचित असं होतं म्हणाले, जन्माची भाषा जाते आणि नंतर शिकलेली उरते. मराठी परत येईल, किंवा येणारही नाही.

म्हणजे आता त्या खोलीत बाबांचं बोलणं कळणारी मी एकटीच आहे. मानेसरच्या कारखान्यात मी रोज हेच दुभाषाचं काम करते, जपानी इंजिनियरचं बोलणं हिंदीत आणि इथल्यांचं जपानीत. पण तिथे माझी चूक झाली तर एखादा सुटा भाग वाकडा बनतो.

म्हणून आजपासून पुन्हा रोजनिशी. हे वळण बाबांनीच लावलेलं. लहानपणी मला दमा होता, दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. तेव्हा आम्ही उत्तर दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलजवळ राहायचो. बाबा मला रिजच्या जंगलात फिरायला न्यायचे आणि चालता चालता शिकवायचे, गणित, मराठी, जपानी, सगळं. घरी आल्यावर लिहायचं. दुसऱ्याचं वाक्य असेल तर कुणाचं ते सांगायचं. आपलं त्यात मिसळायचं नाही. आणि चुकलं तर खोडायचं नाही, खाली "दुरुस्ती" असं लिहून बरोबर काय ते लिहायचं. खोडलेलं पान दिसलं की ते रागवायचे नाहीत, पण दिवसभर बोलायचे नाहीत.

२१ एप्रिल

बाबा आता पूर्ण वाक्यं बोलतात आणि ती सगळी हाकुदेईची आहेत.

हाकुदेई म्हणजे अठराव्या शतकातला क्योतोचा कवी आणि चित्रकार. त्याचं नाव कुणी ऐकलेलं नसतं, हे बाबांचं लाडकं दुःख. श्रीमंतांच्या घरच्या पडद्यांवर डोंगर रंगवून तो पोट भरायचा, आणि स्वतःसाठी छोटी चित्रं काढून त्यांच्या कोपऱ्यात तीन ओळींच्या कविता लिहायचा. नदीकाठच्या कुठल्याशा गावातून विशीत निघाला तो परत गेला नाही. आईचं नाव त्याने कुणाला सांगितलं नाही. बरीच वर्षं उत्तरेकडे भटकला, उशिरा लग्न केलं. बायको ओनुई. प्रवासातून तिला लिहिलेली पत्रं उरली आहेत. बाबा माझ्या जन्माआधीपासून त्या पत्रांचं मराठी करतायत आणि त्यावरून त्याचं चरित्र लिहितायत. एक शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं आहे.

आईला जपानीचं अक्षर येत नाही. ती इथे केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरी करते, तिच्या नोकरीवर लक्ष्मीबाई नगरचं हे सरकारी क्वार्टर मिळालं आणि घर चाललं. पाहुण्यांना ती सांगते, "माझी सवत अडीचशे वर्षांची आहे आणि तिला दाढी आहे."

आज वाचा-उपचार करणारी सुरुची आली. नागपूरची आहे, आईशी मराठीत बोलते. तिने एक गोष्ट समजावली. बोलणं गेलेल्या माणसाच्या तोंडून कधीकधी पाठ असलेलं आपोआप येतं. "काही पेशंट अख्खी आरती म्हणतात, पाढे म्हणतात. पण पाणी हवंय का विचारलं तर हो-नाही सांगता येत नाही. त्याला अर्थ नसतो, ते नुसतं येतं. काकांचं तसं आहे की ते खरंच बोलतायत, ते मला कळणार नाही ताई. तुम्ही लक्ष ठेवा."

मी ठेवीन. कसोटी सोपी आहे. वाक्य पत्रात असेल तर ते पाठांतर.

२६ एप्रिल

आई ऑफिसातून दुपारचीच निघाली. बस लांब थांबते, तिथून चालत आली. वॉर्डचं बाहेरचं दार उघडं होतं आणि ती तिथेच उन्हात उभी राहून पदराने घाम पुसत होती. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दारात उभी राहू नकोस, ऊन लागेल."

मी सांगितल्यावर आईचा चेहरा एकदम उजळला. "मला म्हणाले?"

"नाही आई. हाकुदेईचं पत्र आहे, ओनुईला लिहिलेलं. त्यातही शब्द चुकला. मुळात 'वारा लागेल' असं आहे."

"अच्छा," आई म्हणाली आणि आत आली. खिडकीचा पडदा ओढून घेतला. बाबा तिच्याकडे बघत राहिले.

तिला तसंच राहू द्यावं असं क्षणभर वाटलं होतं. पण ते खोटं ठरलं असतं.

२९ एप्रिल

आई रोज एकच विचारते, "घरी कधी न्यायचं?" गॅलरीत त्यांची वेताची खुर्ची तिने पुसून ठेवली आहे. मी म्हणते, डॉक्टर ठरवतील.

शेवटच्या प्रकरणाची टिपणं वाचायला काढली. हाकुदेई हिवाळ्यात गेला. तिकडची रीत अशी, की कवी जायला टेकला की शिष्य कागद आणि शाई घेऊन उशाशी बसतात, कारण शेवटची कविता टिपून घ्यायची असते. रोकुबेइ नावाचा शिष्य बसला होता. हाकुदेईने कविता सांगितलीच नाही. रोकुबेइने लिहून ठेवलं आहे: "सायंकाळी गुरू पत्नीशी घरातलं काही बोलले. कविता नव्हे, म्हणून टिपले नाही."

या ओळीवर बाबा दर वेळी भडकायचे. जेवताना विषय निघाला की ताटावरून उठतील असं वाटायचं. "गाढव! जन्मभर ज्याच्या पायाशी बसला, त्याचे शेवटचे शब्द कानावर पडले आणि याने शाई वाचवली! अडीचशे वर्षं झाली, अजून त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते." आई म्हणायची, "आधी भाजी घ्या. मग वाजवा."

३ मे

आज मानेसरला बैठक होती. जपानहून आलेले साहेब आमच्या कारखान्यातल्या नीरजच्या नव्या साच्याबद्दल म्हणाले, "यावर विचार करू." मी तेच हिंदीत सांगितलं. नीरज खूश होऊन कामाला लागला. संध्याकाळी कळलं की तो नकार होता आणि नीरजचा दिवस वाया गेला.

"मॅडम, आप तो जानती थीं ना उनका मतलब?"

"उन्होंने जो कहा, मैंने वही बताया."

"वही तो रोना है," नीरज म्हणाला. "आप शब्द बताती हैं, बात नहीं बतातीं."

बसमध्ये पूर्ण वेळ हे डोक्यात फिरत राहिलं. पण मी मतलब सांगायला लागले आणि तो माझ्या मनातला निघाला तर? तेव्हा जबाबदार कोण? नीरजला हे सांगायला हवं होतं. सुचलं नाही.

९ मे

कंपनीतले कितामुरा-सान बाबांना भेटायला आले. दिवसभर धुळीचं वादळ होतं, त्यांच्या काळ्या बुटांवर पिवळा थर बसला होता. ते पलंगाशी वाकून उभे राहिले. बाबा म्हणाले, "इतक्या धुळीतून आलात. बसा, पाय शेकून घ्या." कितामुरा-सान म्हणाले, "हो, गुरुग्रामच्या पुढे तर रस्ताही दिसत नव्हता," आणि बसले. मग बाबा आणखी दोन वाक्यं बोलले, तेही बोलले. आई स्टुलावर बसून दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. फार दिवसांनी हसत होती.

लिफ्टमध्ये कितामुरा-सान म्हणाले, "तुमचे वडील जुन्या वळणाचं बोलतात. माझे आजोबा असे बोलायचे. पण काय म्हणायचंय ते सगळं कळतं."

मी खुलासा केला की हे आपोआप येणारं पाठांतर आहे, एका मित्राला लिहिलेलं पत्र. त्यात 'बर्फातून आलात' असं आहे, बाबांनी तिथे धूळ घातली. पाय शेकायचं तसंच राहिलं, या उकाड्यात त्याला काय अर्थ आहे?

"असं होय," ते म्हणाले आणि तळमजला येईपर्यंत लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले. मी काही उद्धट बोलले का, याची आता चिंता वाटतेय.

१२ मे

आज बाबा माझ्याशी बोलले. म्हणजे माझ्या दिशेने. मी पलंगाजवळ बसून त्यांची वाक्यं टिपत होते. बराच वेळ माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "तुझी रेघ बरोबर असते. पण तू कागदाकडे बघतोस, माणसाकडे नाही."

हे रोकुबेइला चित्र शिकवतानाचं आहे आणि ते "डोंगराकडे नाही" असं आहे. एवढं प्रसिद्ध वाक्य बाबा चुकतील असं वाटलं नव्हतं. मी हळूच सांगितलं, "यामा, बाबा. डोंगर." त्यांनी डोळे मिटले. मग मी असेपर्यंत बोलले नाहीत.

चुका वाढत चालल्या आहेत. हे सुरुचीला सांगायला हवं. स्मरण ढासळतंय असा याचा अर्थ असू शकतो.

१५ मे

बाबांनी नळी पुन्हा ओढून काढली. उजवा हात लुळा आहे, डाव्याने काढतात. नाकातून रक्त आलं. नर्स परत घालायला गेली तर मान भिंतीकडे फिरवून म्हणाले, "आता पुरे. ब्रश धू. खिळ्याला टांग." आई समोर होती. तिच्याकडे बघून पुन्हा म्हणाले, "आता पुरे."

डॉक्टर भसीननी आम्हा दोघींना बाहेर बोलावलं. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, कारण सगळं यावर आहे.

"देखिए, अगर ये खुद मना कर रहे हैं, समझकर, तो मैं ज़बरदस्ती नहीं करूँगा. घर ले जाइए. चम्मच से जितना लें, उतना दीजिए. दिन कम मिलेंगे, ये साफ़ बोल रहा हूँ, पर अपने घर में होंगे. और अगर बस रटा हुआ बोल रहे हैं, तो मेरी सलाह है नली वापस डालेंगे, हाथ बाँधना पड़ेगा. आपके सिवा इनकी बात कोई समझता नहीं. कल तक बताइए."

आई मला म्हणाली, "आणखी काय सांगायचं राहिलंय त्यांनी? हात झटकतायत, मान फिरवतायत, पुरे म्हणतायत."

"आई, ते वाक्य पत्रातलं आहे. हाकुदेई ओनुईला लिहितो, संध्याकाळ झाली की म्हण, आज पुरे, ब्रश धू, खिळ्याला टांग."

"असेल. आरतीचे शब्द तू स्वतः रचतेस का? पण म्हणतेस ना देवासमोर?"

"आपल्याला वाटणं वेगळं आणि त्यांनी म्हणणं वेगळं."

आईने पिशवी खांद्याला लावली. "तुझ्या बाबांनी तुला फार लवकर शिकवलं," ती म्हणाली. हे कौतुक होतं की काय ते समजलं नाही.

१६ मे

रात्री पत्र काढून बघितलं होतं. वाक्य आहे. तिथे "आज पुरे" आहे, बाबा "आता पुरे" म्हणाले. पुन्हा एका शब्दाची चूक. बाकी तंतोतंत.

सकाळी डॉक्टरांना सांगितलं, "रटा हुआ है. हर वाक्य किताब में है."

"श्योर?"

"बिल्कुल."

हा शब्द मी सहसा वापरत नाही.

आईने सही केली. "तू म्हणतेस तर," एवढंच म्हणाली.

एक गोष्ट लिहायला हवी. घरी नेलं असतं तर भरवायची पाळी कधीतरी माझ्यावर आली असती. माझ्या हातच्या चमच्याने ठसका लागला असता आणि मी बघत बसले असते. हे चित्र डॉक्टरांशी बोलताना डोळ्यांसमोर होतं. उत्तर मी त्यावरून दिलं नाही. दिलं नाही असं मला वाटतं. जे खात्रीने माहीत होतं तेवढंच सांगितलं.

१८ मे

डावा हात पलंगाच्या कठड्याला मऊ पट्टीने बांधला आहे. पट्टी मऊ आहे हे नर्सने दोनदा सांगितलं. बोटं मोकळी आहेत. ती चादरीवर हलत असतात, वर, खाली, मग आडवी. सुरुची म्हणाली, अशी हालचाल होते, काळजी करू नका.

आई पट्टीखाली आपला रुमाल घडी करून सरकवते. नर्स बदलली की नवी तो काढून टाकते. आई परत ठेवते.

बाबा आज काही बोलले नाहीत.

२१ मे

छातीत कफ झाला आहे. ताप. डॉक्टर म्हणाले, नळी असूनही हे होऊ शकतं. "असूनही" हा शब्द त्यांनी सहज वापरला.

भेटायची वेळ संपत आली होती. बाहेर गार्ड "चलो जी, चलो, टाइम हो गया" करत होता. आईने पिशवी उचलली. तेव्हा बाबांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे बघून हळू पण न अडखळता दोन-तीन वाक्यं बोलले.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

मला पत्र आठवेना. असं आतापर्यंत झालं नव्हतं. मी म्हटलं, "कुठलं पत्र आहे ते आत्ता लक्षात येत नाही. घरी जाऊन बघते आणि नीट सांगते. उगाच चुकीचं नको."

"अगं, काय म्हणाले तेवढं सांग ना."

"सांगते ना आई, बघून."

गार्ड आत आला. आईने बाबांच्या बोटांना हात लावला आणि आम्ही निघालो.

कच्चं भाषांतर इथे टाकून ठेवते: "तू हो पुढे. दिवा लावायचा राहील. मी येतो मागून."

फार थकले आहे. पत्र उद्या बघेन.

२२ मे

पहाटे फोन आला. आम्ही पोचेपर्यंत बाबा गेले होते.

पट्टी सोडलेली होती. मनगटावर वळ होता. आई त्यावरून अंगठा फिरवत बसली, पुसला जाईल असं समजून फिरवावा तसा. कुणीतरी तिला उठवलं.

मला रडू आलं नाही. विद्युतदाहिनीशी रांग होती.

२ जून

आई कालपासून ऑफिसला जाऊ लागली. मी सुट्टी वाढवली. शेवटचं प्रकरण टाइप करून टाकायचं ठरवलं. काहीतरी पूर्ण करायला हवं होतं.

बाबांची टिपणं सुवाच्य आहेत, अडचण आली नाही. रोकुबेइच्या त्या ओळीखाली त्यांची तळटीप आहे. मला वाटलं होतं शिव्या असतील. नाहीत. एवढंच आहे: "हा मनुष्य जवळ बसला होता. त्याला ऐकू येत होते."

जशी होती तशी टाइप केली. काना-मात्रा दोनदा तपासला.

मग २१ तारखेचं ते वाक्य शोधायला बसले, बाबांच्या आजारपणावर परिशिष्ट लिहावं असा विचार होता आणि त्यात सगळ्या वाक्यांचे संदर्भ हवेत. ओनुईला लिहिलेली सगळी पत्रं बघितली. मित्रांची बघितली, शिष्यांची बघितली, कविता बघितल्या. नाही. संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

३ जून

नाही. कुठेही नाही. हाकुदेई असं कुठेही बोललेला नाही.

४ जून

आज सांगितलं.

रविवार. आई गॅलरीत बाबांचे सदरे वाळत घालत होती. धुऊन, इस्त्री करून कुणाला तरी द्यायचे आहेत. वेताची खुर्ची तिने भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. मी चिमटे हातात देत होते.

"आई, शेवटच्या दिवशी बाबा जे बोलले ते पत्रातलं नव्हतं. मी सगळीकडे बघितलं."

तिचे हात थांबले नाहीत. "काय बोलले होते?"

मी सांगितलं. तू हो पुढे. दिवा लावायचा राहील. मी येतो मागून.

आईने चिमटा तारेला लावला तो सदऱ्याला न पकडता नुसताच तारेला. सदरा खाली पडला. तिने तो उचलला, झटकला आणि हसली. खरंच हसली.

"हिंदूरावला राहायचो ना, तेव्हा माझं ऑफिस सुटलं की मी युनिव्हर्सिटीच्या दाराशी जाऊन उभी राहायचे. हे लायब्ररीतून बाहेर यायचे, हातात कागदांचा गठ्ठा, चष्मा कपाळावर. आणि मला म्हणायचे, तू हो पुढे प्रभा, दिवा लावायचा राहील, मी येतो मागून. रोज! आणि कसले येतायत! पोळ्या गार होऊन वातड व्हायच्या. एकदा मी म्हटलं, त्या म्हाताऱ्यालाच का नाही लावायला सांगत दिवा?"

मी पुढचा चिमटा तिच्या हातात दिला.

"आणि ते ऊन," ती म्हणाली. "दारातलं. ते मला कळलं होतं गं. मी आत आले ना लगेच? पडदा ओढला ना?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू वाचलेली होतीस. मी काय सांगणार." हे तिने टोमण्याने म्हटलं नाही. सदऱ्याची बाही सरळ करत म्हटलं.

मग तिने बादलीतला पुढचा सदरा उचलला. खाली कुणीतरी भाजीवाल्याशी भाव करत होतं.

"त्या संध्याकाळी मला सांगितलं असतंस ना," ती म्हणाली, "तर मी त्या गार्डला म्हटलं असतं, जा बाबा, काय करायचं ते कर. स्टूल ओढून बसले असते. त्यांना म्हटलं असतं, आज नाही. आज मी पुढे होणार नाही. आज थांबते."

शेवटचा सदरा तिने स्वतःच लावला. माझ्या हातातले चिमटे तसेच राहिले.

५ जून

दुरुस्ती.

२६ एप्रिल: शब्द चुकला असं लिहिलं आहे. चुकला नव्हता. त्या दिवशी वारा नव्हता, ऊन होतं.

९ मे: धूळ होती. कितामुरा-सान बाबांशी बोलत होते आणि बाबा त्यांच्याशी. पाय शेकायचं म्हणाले, कारण आल्यागेल्याला बसवायला त्यांच्याजवळ तेवढंच वाक्य उरलं होतं.

१२ मे: मी "बघतोस" लिहिलं आहे. जपानीत क्रियापदाला लिंग नसतं. तिथे रोकुबेइ नव्हता. मी होते.

१५ मे: "आज" नाही. "आता".

१६ मे: डॉक्टरांनी विचारलं, श्योर? त्याच्या खाली माझा शब्द आहे. त्याची दुरुस्ती काय लिहावी ते सकाळपासून सुचत नाही. पेन दोनदा त्या शब्दावर नेलं.

खोडायचं नाही.